मुरमातला माणूस

गहिनीनाथ पालवेनं आयुष्यात बेचाळीस विहिरी खणल्या होत्या. सगळ्या पाथर्डीच्या बाजूला. तिकडं वर हातभर माती, खाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. मुरमाचा गुण असा, की तो एकदा नीट तासला की लिंपल्या भिंतीसारखा उभा राहतो. पन्नास फूट खाली उतरून, वर ताटाएवढं आभाळ दिसत असताना गहिनीनाथनं भाकरी खाल्ली होती. दुपारची डुलकीही काढली होती. विहीर त्याच्या अंगावर कधी आली नाही.

पुढं गावोगाव बोअरच्या गाड्या फिरायला लागल्या आणि विहिरी कमी झाल्या. तीन-चार हंगाम त्यानं उसावर काढले, पण कोयता घेऊन वाकायचं म्हटलं की कंबर धरायला लागली. मग नऊ माणसांची टोळी करून तो इमारतींच्या पायाचे खड्डे घ्यायला लागला. टोळीत त्याची बायको गोजरबाई होती आणि गोजरबाईचा धाकटा भाऊ भिमाजी. भिमाजी चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. माणूस हसरा, आणि हातात आलेली वस्तू जपून वापरणारा.

त्या वर्षी फेब्रुवारीत टोळी कोल्हारला आली. मनमाड रस्त्यापासून आत, प्रवरेच्या अंगाला आप्पासाहेबांची जमीन होती. तिथं त्यांना खाली दुकानं आणि वर हॉल बांधायचा होता. हॉल म्हटला की पाणी लागणार, म्हणून मागच्या बाजूला जमिनीखाली टाकी ठरली होती. वीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अकरा फूट खोल. टाकीच्या पूर्वेला चार हातांवर आप्पासाहेबांचाच ऊस उभा होता.

जेसीबीनं एका दिवसात खड्डा काढला. काळीभोर माती, लोण्यासारखी कापली गेली. निघालेली माती ड्रायव्हरनं उसाच्या बाजूलाच, खड्ड्याच्या अगदी काठाशी, पाय ठेवण्यापुरती जागा सोडून रचली. टाकी झाल्यावर तीच माती पुन्हा कडेनं भरायची होती, मग लांब कशाला न्यायची? आता माणसांनी खाली उतरून कडा तासायच्या आणि तळ लेव्हलला आणायचा, एवढंच काम उरलं होतं.

कामावर इंजिनीअर होत्या पंकजा मॅडम. राहुरीच्या. तिशीच्या आसपास वय. आठवड्यातून तीन दिवस स्कूटीवरून यायच्या. त्या दिवशी त्यांनी खड्डा पाहिला आणि हेल्मेटही न काढता काठापासून मागं सरकल्या.

"काका, हा ढीग इथं नको. निदान पाच फूट मागं घ्या. आणि कडा सरळ ठेवू नका, पायऱ्या-पायऱ्यांनी कापा. ते जमत नसेल तर फळ्या लावून आडवे टेकू द्या."

गहिनीनाथ हसला. उद्धटपणानं नाही. लेकीच्या वयाच्या बाईला समजावताना माणूस हसतो, तसा.

"मॅडम, अकरा फूट म्हंजी काय? मी साठ फूट उतरल्यालो मानूस हाय. बेचाळीस हिरी घेतल्यात. अजून एक दगुड अंगावर आला न्हाई."

"ती माती वेगळी होती."

"माती ती मातीच की."

आप्पासाहेब तिथंच उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण ऊस तोडणीला आला होता आणि पायऱ्या कापायच्या म्हटलं की उसाच्या चार सऱ्या मोडाव्या लागणार होत्या. ते म्हणाले, "मॅडम, दोन दिवसांचं तर काम आहे. परवा खाली काँक्रीट पडतंय. दोन दिवसांसाठी उभा ऊस कशाला मोडायचा?"

पंकजा मॅडमनी थोडा वाद घातला. मग साइटच्या वहीत लिहिलं: ढीग मागं घ्यावा, कडांना उतार द्यावा, तोवर खाली कुणी उतरू नये. खाली सही केली, वही शेडमध्ये ठेवली आणि त्या दुसऱ्या कामावर निघून गेल्या. त्यांची स्कूटी रस्त्याला लागली आणि गहिनीनाथनं शिडी खाली सोडली.

खाली चौघं उतरायचे आणि तासलेली माती घमेल्यात भरून दोरीनं वर द्यायचे. गोजरबाई वर असायची. घमेलं ओढायचं, रितं करायचं, पुन्हा खाली सोडायचं. तिचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. नवरा खाली आणि ती काठावर.

त्या संध्याकाळी पत्र्याच्या खोपीपुढं तिनं चुलीवर भाकरी टाकली आणि म्हणाली, "उसाकडच्या अंगाला भेग पडलीया."

"काळ्या मातीला भेगा पडत्यातच," गहिनीनाथ म्हणाला. "उन्हाळा तोंडावर आलाय."

"त्या भेगा जाळीवानी असत्यात. आडव्यातिडव्या. ही सरळ हाय. काठाच्या बरूबर, दोरी धरल्यागत. ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापतुर."

गहिनीनाथचा हात भाकरी मोडता मोडता थांबला. पण क्षणभरच. "सकाळी बघू," तो म्हणाला.

सकाळी त्यानं खरंच पाहिलं. ढिगाच्या आणि काठाच्या मधून ती भेग गेली होती, बोट जाईल एवढी. त्यानं तिच्या पलीकडं, खड्ड्याच्या बाजूला उभं राहून टाच आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. काही हललं नाही.

"बघ," तो म्हणाला. टोळीतले दोघं-तिघं बघत होते. त्यांच्यासमोर बायकोनं काढलेली शंका आपण टाचेखाली मोडली, याचं त्याला थोडं बरंही वाटलं.

गोजरबाईनं घमेल्याचा दोर उचलला. पण पलीकडच्या उसात तिला पाणी चमकताना दिसलं. कालव्याचं आवर्तन सुटलं होतं आणि आप्पासाहेबांच्या गड्यानं पहाटेच उसाला पाणी धरलं होतं. सऱ्या तुडुंब भरल्या होत्या. पाणी दिसतं तेवढंच नसतं, ते जमिनीच्या पोटात कुठं निघालंय हे कुणाला दिसणार? ती घमेलं ओढत राहिली, पण दर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तिची नजर भेगेकडं जात होती.

साडेअकराच्या सुमाराला तिनं वाकून भेगेत बोट घातलं, तर चार बोटं गेली. आत माती ओली लागली. आणि खड्ड्याच्या कडेवरून, कुणी हात लावला नसताना, बारीक ढेकळं सुटून खाली पडायला लागली होती. एक पडलं. थोड्या वेळानं दोन.

तिनं खाली हाक मारली. "वर या समदे."

"का?" खालून गहिनीनाथ.

खरं सांगितलं असतं तर तो आला नसता. हे तिला तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. ती म्हणाली, "आप्पासाहेब आलेत. समद्यांला बलवत्यात. आत्ताच्या आत्ता."

चौघंही शिडीनं वर आले. गहिनीनाथनं हात झटकत इकडंतिकडं पाहिलं. "कुठं हायत शेठ?"

"न्हाईत. म्या खोटं सांगितलं. ती भेग बघा आदी."

बाकीचे दोघं फिदीफिदी हसायला लागले. गहिनीनाथचं तोंड लाल झालं. तो काही बोलणार, एवढ्यात भिमाजी म्हणाला, "दाजी, लेव्हलची नळी राह्यली खाली. नवी हाय, उन्हात तापून कडक व्हईल. घिऊन येतो." आणि कुणी नको म्हणायच्या आत तो शिडीवरून उतरलासुद्धा.

तळाची पातळी बघायची ती पाण्याची नळी उसाकडच्या कडेला पडली होती. तो वाकला. तेवढ्यात गोजरबाई ओरडली, "भिमा!"

त्या हाकेनंच तो वाचला म्हणायचा. वळून त्यानं दोन पावलं टाकली आणि मागची अख्खी कड पुढं झुकली. फार आवाज झाला नाही. भरलेली पोती गाडीतून खाली टाकावीत, तसा धप्प आवाज, बस्स. वरचा ढीग तिच्या मागोमाग घसरत आला. शिडी त्याखाली मोडून गेली. माती थांबली तेव्हा खड्ड्याच्या मधोमध भिमाजीचं डोकं, खांदे आणि एक हात एवढंच वर राहिलं होतं.

तो ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

गहिनीनाथ काठाकडं धावला. जेसीबीचा ड्रायव्हर समोरच चहा पीत बसला होता, तो उठून मशीनवर चढला आणि त्यानं इंजिन चालू केलं. त्याच वेळी फाटकातून पंकजा मॅडमची स्कूटी आत आली. काय झालंय ते त्यांना एका नजरेत कळलं. स्कूटी तशीच आडवी टाकून त्या पळत आल्या.

"मशीन बंद करा! पहिलं मशीन बंद! त्या थरथरीनं उरलेलं खाली येईल. काका, उडी मारू नका!"

"माझा मेव्हना हाय तो!"

"तुम्ही उतरलात तर दोघांना काढावं लागेल. वर बघा. वर बघा काका!"

गहिनीनाथनं वर पाहिलं. उसाकडची कड पडली होती ती दीडेक हात रुंदीची. तिच्या मागं दुसरी भेग उघडली होती आणि अर्धा ढीग अजून वर तसाच लोंबकळत होता. तो जिथं उडी मारणार होता, बरोबर त्या जागेवर.

त्याचे पाय थांबले. पुढं कित्येक दिवस तो म्हणायचा, की बेचाळीस विहिरींत त्याला जी भीती वाटली नव्हती, ती सगळी त्या एका क्षणात वाटली.

"मग काय करायचं? सांगा," तो म्हणाला.

पंकजा मॅडमनी एकेकाला कामाला लावलं. एकाला त्यांनी पाटाचं पाणी तोडायला पिटाळलं. दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगितला. ढिगापाशी कुणी जायचं नाही, जेसीबी जागचा हलवायचा नाही. मग त्यांनी बाजूला पडलेल्या स्लॅबच्या सामानाकडं बोट केलं. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा होत्या, लाकडी बल्ल्या होत्या.

"पश्चिमेची कड कोरडी आहे, तिच्यावर ढीग नाही. तिकडून उतरायचं. पण आधी प्लेटा खाली सोडायच्या, त्याच्या आणि ढिगाच्या मध्ये आडोसा उभा करायचा. बल्ल्यांचे टेकू पश्चिमेच्या कडेला भिडवायचे. मग हातानं माती काढायची. फावडं नाही."

"तंवर त्यो जगंल का?" गोजरबाईनं विचारलं.

पंकजा मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. खोटं सांगणं त्यांना जमलं नाही. "छातीवर माती दाबून बसते, मावशी. श्वास सोडला की ती आणखी आवळते. त्याला बोलू देऊ नका. बारीक बारीक श्वास घ्यायला सांगा. तुमचं ऐकेल तो."

मग गोजरबाई पश्चिमेच्या काठावर पोटावर आडवी झाली आणि भावाशी बोलत राहिली. "भिमा, माझ्याकडं बघ. बोलू नगंस. ल्हान ल्हान दम घे. ल्हानपनी तापात घ्यायचास तसा. हां. अजून एक. हां." अर्धा तास तिचं एवढंच चाललं होतं. खाली काय घडतंय याकडं तिनं मान वळवून पाहिलं नाही.

गहिनीनाथच्या कमरेला दोर बांधला होता. विहिरीत उतरताना बांधायचे तसाच. वर तिघांनी तो धरला होता. दुसरी शिडी पश्चिमेच्या कडेनं सोडली. तो आणि आणखी एक जण खाली उतरले. वरून एकेक प्लेट आली, त्यांनी ती मातीत रोवून उभी केली आणि तिच्या पाठीला बल्ली लावली. चार प्लेटा उभ्या राहीपर्यंत भिमाजीला त्यांनी हात लावला नाही. गहिनीनाथसाठी तेच सगळ्यात अवघड होतं. मेव्हणा हाताच्या अंतरावर, ओठ निळे पडत चाललेले, आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बल्ल्या ठोकतोय!

मग तो गुडघ्यांवर बसला आणि भिमाजीच्या छातीभोवतीची माती ओंजळीनं काढायला लागला. ओली काळी माती. चिकट. बोटांना सोडत नव्हती. मूठभर काढली की बाजूची मूठभर सरकून आत यायची. तो काढत राहिला. नखं उलटली, त्याला कळलं नाही. छाती मोकळी झाली आणि भिमाजीनं पहिला भरून श्वास घेतला. त्याचा आवाज वरपर्यंत आला.

"दाजी," तो म्हणाला, "वढा मला."

गहिनीनाथनं त्याच्या बगलेखाली हात घातलेही. वरून पंकजा मॅडम ओरडल्या, "ओढू नका! पाय कसे अडकलेत माहीत नाही. गुडघे मोकळे होईपर्यंत ओढायचं नाही."

त्यानं हात काढून घेतले आणि पुन्हा माती उकरायला लागला. तेवढ्यात मागं ढीग सुटला. प्लेटांवर तो धाडकन आदळला, एक प्लेट वाकली, एक बल्ली कडकड वाजली. वर दोर धरलेल्यांनी दोर ताणला. गहिनीनाथ भिमाजीच्या डोक्यावर वाकून तसाच राहिला. थोडी माती फटीतून पाठीवर आली आणि थांबली. बल्ल्यांनी तग धरला होता.

अँब्युलन्स आली. तिच्यातले डॉक्टर तरुण होते, पण शहाणे होते. ते थेट खाली उतरले नाहीत. वरून सगळं पाहून, विचारून मग उतरले. भिमाजीच्या हाताला सलाईन लावली, नाकाला ऑक्सिजन. मांड्या, मग गुडघे मोकळे व्हायला आणखी पाऊण तास गेला. त्याला फळीवर झोपवून वर घेतलं तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. डावी मांडी मोडली होती आणि तीन बरगड्या. बाकी माणूस शुद्धीवर होता.

लोणीच्या दवाखान्यात त्याला भरती केलं. सहा-सात दिवसांनी गहिनीनाथ आणि पंकजा मॅडम तिथल्या आवारात भेटले. गोजरबाई भावापाशी वर होती. गहिनीनाथच्या दहाही बोटांना पट्ट्या होत्या. कडुनिंबाच्या पारावर तो टेकला.

मग म्हणाला, "मॅडम, एक इचारू? बेचाळीस हिरी. एकबी ढासळली न्हाई. मग मी चुकलो कुठं?"

"विहिरींत नाही चुकलात," त्या म्हणाल्या. "मुरमाची तुम्हाला पारख आहे. माझ्यापेक्षा जास्त. तसंच काळ्या मातीत वागलात, तिथं चुकलात. मुरूम धरून ठेवतो. काळी माती पाणी पिते, फुगते, जड होते आणि मग स्वतःचंच वजन तिला पेलत नाही. त्यात वर ढीग."

गहिनीनाथनं मान हलवली. "म्हंजी मला ज्ये येत हुतं, त्येनंच घात केला."

"माझाही झाला की," पंकजा मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "मी वहीत लिहिलं आणि निघून गेले. लिहिलं म्हणजे सांगून झालं असं मला वाटलं. तुम्ही उतरणार हे मला आतून माहीत होतं, काका. आप्पासाहेबांशी आणखी भांडायचा कंटाळा आला होता. बाईमाणूस सारखं सारखं अडवतंय असं लोक म्हणतात, ते ऐकायचा कंटाळा आला होता."

गहिनीनाथ उठला आणि टपरीवरून दोन चहा घेऊन आला. पट्ट्या बांधलेल्या हातांनी दोन कप सांभाळत त्याला येताना पाहून त्या पटकन उठून पुढं गेल्या.

आप्पासाहेबांनी नंतर स्वतः उसाच्या चारऐवजी सहा सऱ्या मोडून दिल्या. खड्डा चारही बाजूंनी पायऱ्या काढून पुन्हा घेतला आणि टाकी झाली. ते रोज दवाखान्यात डबा पाठवत राहिले. पण पंकजा मॅडमसमोर त्यांना मान वर करून बोलता येईना.

गहिनीनाथला दुसरीच एक गोष्ट खुपत होती. भिमाजीला घरी आणला त्या दिवशी त्यानं गोजरबाईला विचारलं, "तुला भेग दिसली. मला कशी दिसली न्हाई?"

"तुमी खाली असता. मी वर."

"तसं न्हाई. तू रोज बघतीस का काठाकडं?"

गोजरबाई दाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीस वर्स झाली. तुमी हिरीत, मी माती वढायच्या यारीपाशी. मी काय आभाळ बघत बसत हुते? रोज सकाळी तुमी उतरायच्या आदी काठावरचं सुटं दगुड येचून लांब टाकायची. मानूरच्या हिरीला एक थर सुटत चालला हुता. तुमी शेजारच्या गावाला गेल्ता, तवा म्या आन् माझ्यासंगं माती वढनाऱ्या रंगुबाईनं पहारीनं तो पाडला. करंजीच्या हिरीला तर दोनदा."

"मला सांगितलं न्हाईस कधी."

"तुमी इचारलं कधी?"

गहिनीनाथ उठून बाहेर जाऊन उभा राहिला. बेचाळीस विहिरी. त्या का पडल्या नाहीत, याचं कारण त्यानं आयुष्यभर एकच धरलं होतं: आपला हात, आपली पारख. ते खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं काठावर उभं होतं आणि मुकाट्यानं दगड वेचत होतं. न पडलेला दगड कुणाला दिसतो? त्याचं नाव कोण घेतो?

पावसाळा सरल्यावर टोळी काष्टीला एका गोडाऊनच्या कामावर गेली. तिथंही काळीच जमीन. चोवीस खड्डे, प्रत्येक आठ-नऊ फूट. मालक उत्साही माणूस होता, त्याला सगळं कालच हवं होतं. गहिनीनाथनं काम घेतानाच तीन गोष्टी सांगितल्या. माती काठापासून लांब पडणार. कडांना पायऱ्या घेणार, म्हणजे खणाई वाढणार. आणि वर माझी कारभारीन उभी राहणार. ती वर या म्हणाली की आम्ही वर येणार, का ते विचारणार नाही.

"आणि ती सारखीच म्हणाली तर?" मालकानं हसत विचारलं.

"तर सारखंच येणार."

भिमाजीही सोबत होता. पाय अजून ओढत होता, खाली उतरणं बंद झालं होतं. गोजरबाईनं त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलं. दोघं बहीणभाऊ खड्ड्यांच्या काठानं फिरत. रोज सकाळी कडा बघायच्या, रात्रीत पाऊस पडला असेल तर दोनदा बघायच्या, आणि जिथं शंका वाटेल तिथं फळ्या लावायला सांगायच्या.

सातव्या खड्ड्यापाशी एका सकाळी गोजरबाईनं हाक मारली. सगळे वर आले. कोपऱ्यात ओल दिसत होती. तासभर वाट पाहिली, फळ्या लावल्या, मग उतरले. काही पडलं नाही. दुपारी तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा वर. पुन्हा काही नाही. शेजारून जाणाऱ्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर भरून थांबला होता, त्याच्या इंजिनानं कड हादरत होती. तो निघून जाईपर्यंत ती कुणाला उतरू देईना.

टोळीतला एक जण पुटपुटला. गहिनीनाथनंही मनातून थोडं ओशाळून मालकाकडं पाहिलं. माणसाची जुनी सवय आठ-दहा महिन्यांत जात नाही. आतून एक आवाज म्हणत होता, की आठ फूट म्हणजे काय? उतर की. तो आवाज त्यानं ऐकला आणि तसाच बसून राहिला.

चार दिवसांनी सातव्या खड्ड्यात काँक्रीट पडलं, कॉलम उभा राहिला आणि कडेनं माती भरून टाकली. खड्डा होता की नव्हता हेही दिसेनासं झालं. मालक तिथं येऊन उभा राहिला.

"काय मुकादम," तो म्हणाला, "भिंत काही पडली नाही तुमची! अख्खा एक दिवस वाया गेला."

गहिनीनाथ विचारात पडला. फळ्या नसत्या तर ती पडली असती का? कदाचित नसतीही. हे आता कुणालाच कळणार नव्हतं, अगदी पंकजा मॅडमनाही नाही. पडली असती तर सगळ्यांना पटलं असतं. न पडण्याचा पुरावा कुठून आणायचा? पूर्वी त्याला या प्रश्नाचा राग आला असता. आता वाटलं, की हे असंच असणार. एखादा दिवस वाया गेला म्हणून लोक हसणार. आपण हसू द्यायचं.

"व्हय," तो म्हणाला. "गेला खरा एक दिस."

मालकाला वाटलं होतं तो वाद घालेल. तो जरा गोंधळला आणि दुसरीकडं निघून गेला.

आठव्या खड्ड्यात दोघं कड तासत होते. गहिनीनाथनं डोक्याला फडकं गुंडाळलं, शिडीचा पाय नीट टेकलाय का ते हलवून पाहिलं आणि उतरण्याआधी काठावर उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, "उतरू का?"

गोजरबाईनं कडेवरून नजर फिरवली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग परत. तिला घाई नव्हती. तो शिडीला हात लावून थांबला.

"उतरा," ती म्हणाली.